मार्लिन गरवायला जाण्याआधी: ब्लॅक रिव्हर, मॉरिशस

मॉरिशसमधल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टांत 'बिग गेम फिशिंग'चं पत्रक हमखास हाती पडतं. त्यावर खुर्चीत बसलेला पर्यटक, वाकलेला रॉड आणि मागे पाण्याबाहेर झेपावलेला निळा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या चोचीचा प्रचंड मासा, असतो. प्रत्यक्षात मासे कुठे असतील ते स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, ठरवतो, आमिषांची मांडणी खलाशी करतो, गळ रुतवण्याचं निम्मं काम बोटीचं इंजिन करतं आणि शेवटी लीडर (गळाजवळचा जाड दोर) हातात धरून मासा बोटीशी आणतो तोही खलाशीच. पाहुण्याच्या वाट्याला हँडल फिरवणं उरतं. मौज म्हणून तेवढं पुरेसं आहे. पण ज्याला ही विद्या शिकायची आहे त्याने चार गोष्टी नीट आत्मसात करायला हव्यात: ड्रॅग (रिळाचा ब्रेक) कसा वागतो, दोर सतत ताणलेला कसा ठेवायचा, तो रिळावर सारखा कसा बसवायचा आणि आपला हात कुठे घालायचा नाही.

मालवण-रत्नागिरीकडे खडकावरून गरवणाऱ्यांना एक सूचना आधीच द्यायला हवी. दोर बोटावर धरून माशाची टोचणी ओळखायची आणि क्षणात हिसका द्यायचा, ही सवय इथे आडवी येते. मार्लिनच्या बाबतीत हिसका देणारा बहुतेक वेळा मासा घालवतो. का, ते पुढे येईलच.

मॉरिशसच का, याचं उत्तर समुद्राच्या तळात आहे. वर्षाचा बराच काळ इथे आग्नेयेकडून वारा वाहतो. पूर्व किनारा तो वारा अंगावर घेतो आणि डोंगरांच्या आडोशाचा पश्चिम किनारा त्या मानाने निवांत राहतो. नैऋत्य टोकाला ल मॉर्नचा डोंगर आहे, 2008 पासून जागतिक वारसा यादीत असलेला. त्याच्या उत्तरेला ब्लॅक रिव्हरची खाडी. प्रवाळाची कड ओलांडली की साधारण मैलभरातच समुद्र 600 मीटरपर्यंत खोल होतो. ल मॉर्नला वळसा घालून येणारा प्रवाह या उतारावर घुसळला जातो, तिथे बारीक मासळी जमते, तिच्यामागे कुपे (टूना) येतात आणि कुप्यांमागे मार्लिन. जगातल्या कित्येक नावाजलेल्या ठिकाणी एवढ्या खोल पाण्यात पोचायला तास-दीड तास बोट हाकावी लागते. इथे बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात दोर पाण्यात असतात. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे, कारण अर्ध्या दिवसाच्या, म्हणजे साधारण सहा तासांच्या फेरीतले बहुतेक तास खरोखर मासेमारीत जातात.

हा सगळा ब्लॅक रिव्हर जिल्हा. याच जिल्ह्यातल्या कास्कावेल गावात 19व्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची जुनी वस्ती आहे आणि मॉरिशसभर गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. पण गणपतीच्या दिवसांत मार्लिनसाठी जाऊ नका. निळ्या मार्लिनचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचाही काळ असतो आणि वादळाचा इशारा लागला की बोटी बंदरातच राहतात. नोव्हेंबरची अखेर आणि डिसेंबरचे पहिले आठवडे आमच्या मते सगळ्यात सोयीचे. पाणी तापलेलं असतं, वादळाची शक्यता कमी असते आणि सुरमईच्याच कुळातला वाहूही तेव्हा मिळतो, म्हणजे मार्लिनने पाठ फिरवली तरी दिवस कोरडा जात नाही. पिवळ्या पराच्या कुप्याचा जोर साधारण मार्चपासून असतो.

माशांची ओळख थोडक्यात. निळा मार्लिन इथला राजा. त्यातली खरी अवाढव्य मासळी म्हणजे मादी. नर क्वचितच दीडशे किलोच्या पुढे जातो, मादी पाचशे किलोही ओलांडू शकते. प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या निळ्या मार्लिनचा आयजीएफए या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे नोंदवलेला विक्रम 624 किलोंचा आहे, तो 1982 साली हवाईतल्या कोनाजवळ झाला. काळा मार्लिन आणि पट्ट्यांचा मार्लिनही इथे येतात. मोठा काळा मार्लिन ओळखायची सोपी खूण म्हणजे छातीजवळचे पर: ते ताठ असतात, अंगाला मिटत नाहीत. निळ्याचे मिटतात. सेलफिश आकाराने बराच लहान, पण पाण्याबाहेर उड्या मारण्यात कोणाला ऐकत नाही. आखूड चोचीचा स्पिअरफिशही मधूनच येतो. तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला मार्लिनचं पिल्लूच वाटतो.

बोट ठरवताना किंमत आणि बोटीची लांबी सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मासा कोणाचा. मॉरिशसमध्ये पकडलेला मासा बोटीचा, असा जुना रिवाज आहे. धुरी दिलेला मार्लिन हा तिथला आवडता पदार्थ असल्यामुळे मोठ्या मार्लिनला बाजारात गिऱ्हाईक असतं आणि खलाशांच्या कमाईचा काही भाग त्यातून येतो. मासा सोडून द्यायचा असेल तर तसं आरक्षण करतानाच सांगा, लेखी घ्या आणि सकाळी बोटीवर चढल्यावर स्किपरला पुन्हा विचारा. दोन तास झुंजून मासा बोटीला लागल्यावर हा वाद काढला तर काही उपयोग होत नाही, कारण तोवर मासा बोटीत ओढायची आकडी खलाशाच्या हातात आलेली असते.

दुसरा प्रश्न: दोर आम्हाला सोडू द्याल का? बहुतेक स्किपर हसून हो म्हणतात. जो नाही म्हणतो त्याच्या बोटीवर मासा मिळेल, पण शिकायला काही मिळणार नाही. तिसरा: खुर्चीत कोण बसणार? एका बोटीवर सहाजण असले तर पहिल्या झडपेला कोण, दुसरीला कोण हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवा. रील किंचाळायला लागल्यावर 'तू बस, नाही तू बस' करण्यात जे दहा सेकंद जातात त्यात मासा सुटतो.

आता हत्यारं. मार्लिनसाठी लिव्हर ड्रॅगचं, म्हणजे दांडीने ब्रेक कमी-जास्त करायचं, जाडजूड रील लागतं, 80 किंवा 130 आकाराचं. हे आकडे दोराच्या पौंडी वर्गावरून आले आहेत: 80 म्हणजे साधारण 37 किलोला तुटणारा दोर, 130 म्हणजे 60 किलोला. दोर बहुतेक वेळा नायलॉनचा एकपदरी असतो, कारण तो थोडा ताणला जातो आणि माशाचा धक्का गिळतो. त्यापुढे दुहेरी दोर (तोच दोर टोकाशी दुमडून दुपदरी केलेला), मग स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग लीडर. बनावट आमिषाचा लीडर चार-पाच मीटर लांबीचा आणि 300 ते 500 पौंडांचा असतो. एवढ्या जाड नायलॉनला गाठ बसत नाही, म्हणून धातूची नळी चढवून ती पक्कडीने दाबतात. दाबताना नळीच्या दोन्ही टोकांना किंचित जागा मोकळी सोडायची असते. टोकापर्यंत दाबलं तर धातूची कड नायलॉनला कापते आणि नेमका मोठ्या माशाला तिथेच तुटतो. आयजीएफएच्या नियमात या जाड दोरांसाठी लीडर आणि दुहेरी दोर प्रत्येकी तीस फुटांपर्यंत आणि दोन्ही मिळून चाळीस फुटांपर्यंत चालतात. विक्रमाशी देणंघेणं नसलं तरी हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुहेरी दोर रिळावर चढायला लागला की मासा किती जवळ आला ते कळतं.

बनावट आमिष म्हणजे राळेचं डोकं आणि त्यामागे रबरी झालर, आत 9/0 ते 11/0 मापाचा गळ. डोकं पुढून तिरपं कापलेलं असेल तर ते डावी-उजवीकडे झेपा घेतं, वाटीसारखं खोलगट असेल तर पाणी फेकतं, गोळीसारखं असेल तर सरळ धावतं. चांगलं चालणारं आमिष काही सेकंदांनी पृष्ठभागावर येतं, हवा घेतं आणि बुडी मारून मागे बुडबुड्यांची शेपटी सोडतं. ही शेपटी दिसेनाशी झाली की काहीतरी बिघडलं आहे. गळात शेवाळ अडकलं असेल, झालर उलटली असेल किंवा लीडरला पीळ पडला असेल. खलाशाचं लक्ष असतंच, पण आमिषांवर डोळा ठेवणं हे शिकणाऱ्याचं पहिलं काम आहे आणि त्यासाठी पोलराइज्ड काचांचा चष्मा लागतो. साध्या काळ्या चष्म्यातून पाण्याची चकाकी तेवढी दिसते. मार्लिन बरेचदा झडप घालण्याआधी काही क्षण आमिषामागे तपकिरी सावलीसारखा पोहत असतो. तो ज्याला दिसला आणि ज्याने ओरडून सांगितलं, त्याची बोटीवर लगेच पत वाढते.

बोटीचा वेग सात ते नऊ नॉट, म्हणजे ताशी तेरा ते सतरा किलोमीटर. मांडणी बोटीमागे उठणाऱ्या लाटा मोजून करतात. बोटीच्या एका कोपऱ्यातलं जवळचं आमिष दुसऱ्या-तिसऱ्या लाटेवर, दुसऱ्या कोपऱ्यातलं तिसऱ्या-चौथ्यावर. बोटीच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लांब दांड्यांवरून, म्हणजे आउटरिगरवरून, एक चौथ्या-पाचव्या आणि एक सहाव्या लाटेवर. मधोमध सगळ्यात मागे एक, सातव्या-आठव्यावर. प्रत्येक आमिष लाटेच्या बोटीकडच्या उतारावर असायला हवं. लाटेच्या पाठीवर पडलं तर ते धड बुडत नाही आणि धड दिसतही नाही. मोठी, पाणी उडवणारी आमिषं जवळ लावतात कारण तिथे इंजिनाचा फेस जास्त. लहान आणि सरळ धावणारी मागे. दोर सोडताना आधी सगळ्यात लांबचा सोडायचा आणि गोळा करताना जवळच्यापासून सुरुवात करायची, म्हणजे एकावर एक चढत नाहीत. स्किपरने बोट कशी वळवली तेही पाहत राहा. वळण घट्ट घेतलं की आतल्या बाजूची आमिषं मंदावून बुडतात आणि बाहेरच्यांचे दोर त्यांच्यावरून जातात. मग पुढची वीस मिनिटं गुंता सोडवण्यात.

ड्रॅग

ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक. मासा किती ओढल्यावर दोर सुटायला लागावा ते त्यावर ठरतं. दोराच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश एवढा ड्रॅग झडपेच्या वेळी ठेवतात: 37 किलोच्या दोराला साधारण दहा किलो, 60 किलोच्या दोराला सोळा ते अठरा. हा अंदाज हाताने लागत नाही, स्प्रिंगच्या काट्याने मोजावा लागतो. बोट निघण्याआधी दोराचं टोक काट्याला अडकवून, लिव्हर 'स्ट्राइक'च्या, म्हणजे झडपेच्या वेळच्या ड्रॅगच्या, खुणेवर ठेवून खलाशाला ओढून दाखवायला सांगा. त्यानंतर स्वतः ओढून पाहा. दहा किलो म्हणजे किती हे हाताला कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता खरी मेख. लिव्हर एकाच जागी ठेवली तरी ड्रॅग एकसारखा राहत नाही. ब्रेकचा पीळ तेवढाच असतो, पण दोर सुटत गेला की रिळावरची गुंडाळी बारीक होते आणि त्याच पिळाने दोरावर जास्त ओढ येते. समजा भरलेल्या रिळाची त्रिज्या 6 सेंटिमीटर आणि आतल्या रिकाम्या गाभ्याची 3. निम्म्याहून थोडा अधिक दोर गेला की गुंडाळीची त्रिज्या 4.5 होते आणि दहा किलोचे तेरा होतात. जवळजवळ सगळा दोर जाऊन त्रिज्या 3.5 उरली की सतरा. शिवाय पाण्यात पसरलेल्या तीन-चारशे मीटर दोराला पाण्याचाच मोठा अडथळा होतो. मासा वळसा घेऊन धावला की दोराला पोट सुटतं आणि ते पोट पाण्यातून खेचत न्यायची ओढ काट्यावर कधीच न दिसलेली. म्हणूनच मासा लांब पळत असताना घाबरून लिव्हर पुढे ढकलणं ही नवख्याची सगळ्यात महागडी चूक. दोर संपत चाललेला दिसतो, हात आपोआप लिव्हरकडे जातो, आणि दोर तुटतो. करायचं असतं ते उलट: मासा पळतो तेव्हा लिव्हर थोडी मागे, मासा थांबला की हळूहळू पुन्हा पुढे. पळणाऱ्या माशाला अडवणं हे बोटीचं काम आहे. स्किपर मागे येईल किंवा बोट वळवून माशाच्या दिशेने जाईल.

मागे म्हणजे एकदम शून्यावरही नव्हे. ब्रेक पूर्ण सुटला की रीळ दोरापेक्षा जोरात फिरतं आणि आत गुंत्याचं घरटं होतं. स्ट्राइकच्या खुणेपुढे लिव्हर न्यायला एक बटण दाबावं लागतं. स्किपरने सांगितल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका. पहिल्या वेळी तर लिव्हर पूर्णपणे खलाशाच्या ताब्यात द्यावी आणि तो कधी किती हलवतो ते पाहावं, यात काही कमीपणा नाही.

झडप आणि त्यानंतर

झडप पडली की आउटरिगरच्या चिमट्यातून दोर सुटतो, रॉड वाकतो, रील ओरडतं. सगळे धावतात. तुम्ही धावू नका. रॉड त्याच्या खाचेतून उचलायचा नाही. बनावट आमिषावर आलेल्या माशाला स्किपर बोट काही क्षण तशीच पुढे ठेवतो, कारण बोटीच्या ओढीनेच गळ रुततो. त्या वेळात खलाशी बाकीचे दोर गोळा करतो आणि जमलं तर तुम्हीही एक गोळा करायचा. मार्लिन कधीकधी नुसताच चोचीने फटकारतो आणि गळ लागत नाही. अशा वेळी रॉड हलवून गडबड करण्यापेक्षा बोट चालू ठेवणं बरं, तोच मासा वळून दुसऱ्या आमिषावर येतो.

खुर्चीची तयारी मात्र बंदरातच करून ठेवायची. पायाची फळी अशी लावा की मागे रेलल्यावर गुडघे किंचित वाकलेले राहतील. पूर्ण ताठ पायांनी जोर लागत नाही आणि फार वाकलेल्या पायांनी मासा तुम्हाला खुर्चीतून उठवतो. कमरेखालचा पट्टा रिळाच्या दोन कड्यांना अडकतो. तो अडकवायचा कसा हे सगळे शिकवतात, झटकन सोडवायचा कसा हेही दोन-चारदा करून पाहा. संकटाच्या वेळी तेच लागतं. रॉड उभा करून हातांनी ओढायचं नाही. मागे रेलत पायांनी फळीला रेटायचं, रॉड वर येतो. मग पुढे झुकताना तेवढाच दोर गुंडाळायचा. हातांचं काम फक्त गुंडाळण्याचं. दंडाने ओढणारा धडधाकट माणूसही अर्ध्या तासात गळतो आणि पायाने रेटणारी बारीक चणीची मुलगी दोन तास टिकते.

डाव्या हाताचा अंगठा दोर रिळावर डावीकडून उजवीकडे सारखा पसरवत राहतो. साधं वाटतं, पण झुंजीच्या गडबडीत सगळ्यात आधी हेच विसरतं. दोर एका बाजूला डोंगरासारखा चढला की रिळाच्या वरच्या दांडीला टेकतो, रीळ फिरायचं थांबतं, आणि अडकलेला दोर पुढच्या धावेत तुटतो. हातमोजा घाला आणि मासा धावत असताना अंगठा तिथून काढून घ्या. नायलॉन कातडी कापतो.

मासा उड्या मारताना प्रेक्षकांना आनंद होतो, पण खुर्चीतल्या माणसाने बघत बसायचं नसतं. हवेतला मासा डोकं झटकतो आणि दोर सैल पडलेला असेल तर गळ उडून जातो. दोर ताणलेला हवा. तो अचानक सैल झाला तर 'सुटला' म्हणून हँडल सोडू नका. दहापैकी कितीतरी वेळा मासा बोटीकडे धावत आलेला असतो. जीव खाऊन गुंडाळत राहा. आणि दोर पाण्यात जिथे शिरतो तिथेच मासा आहे असंही समजू नका. मासा उजवीकडे उडी मारतोय आणि दोर डावीकडे जातोय, हे दृश्य दोराला पडलेल्या पोटामुळे दिसतं.

मोठी मादी बरेचदा शेवटी सरळ खाली बसते. बोटीखाली दोनशे मीटरवर नुसतं ओझं. इथे हँडलमधलं बटण दाबून खालचा गिअर घ्यायचा: दोर कमी येतो, पण येतो. वरच्या गिअरमध्ये हँडल हलेनासं झालं तरी हट्टाने रेटत राहणारे पुष्कळ असतात. स्किपर अशा वेळी बोट थोडी पुढे काढतो, म्हणजे दोराचा कोन बदलतो आणि मासा तिरपा वर यायला लागतो. त्याने इंजिन मंद केलं की लगेच दोर गोळा करायचा. ही लय एकदा जमली की दर वेळी दहा-पंधरा मीटर मिळत जातात.

लीडर रॉडच्या टोकाशी आला की सूत्रं खलाशाकडे. तो जाड मोज्यांवर लीडरचे एक-दोन वेढे घेतो. या क्षणी तुमचं काम ड्रॅग थोडा सैल करून रॉड तयार ठेवणं एवढंच, कारण मासा उसळला तर खलाशी लीडर सोडून देईल आणि झुंज पुन्हा तुमच्याकडे येईल. लीडरचे वेढे डेकवर पडलेले असतात. त्यांत पाय नको. लीडरला स्वतः हात लावू नका, मोबाइल घेऊन कठड्यावर वाकू नका. मार्लिनची चोच हा भाला आहे आणि बोटीशेजारचा अजून न थकलेला मासा डेकवर उडी घेऊ शकतो. बाकीच्यांनी पुढे, छपराखाली राहायचं. आयजीएफएच्या नियमाप्रमाणे झडप पडल्यापासून रॉडला दुसऱ्या कोणी हात लावला तर तो मासा विक्रमासाठी बाद. शिकणाऱ्याने हा नियम खुशाल मोडावा.

सोडायचा असेल तर मासा पाण्यातच ठेवा. फोटोसाठी मार्लिन बोटीत ओढून घेतला तर स्वतःच्या वजनाने त्याच्या आतल्या अवयवांना इजा होते आणि श्वासही कोंडतो. हे मासे पोहता-पोहता तोंडावाटे कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवून श्वास घेतात. थांबले की गुदमरतात. म्हणून बोट दोन-तीन नॉटने पुढे ठेवून, मोजे घातलेल्या हातांनी चोच धरून, त्याचं तोंड पाण्यात पुढच्या दिशेला ठेवतात. थकलेला मासा तपकिरी, फिक्का पडलेला असतो. अंगावर निळा-जांभळा रंग परतू लागला आणि शेपटीला जोर आला की सोडायचा. गळ सहज निघत नसेल तर लीडर गळाच्या जितका जवळ जमेल तितका कापा. टॅग, म्हणजे माशाच्या ओळखीची खूणपट्टी, लावायची असेल तर पाठीच्या पराखालच्या जाड मांसात, डोक्यापासून दूर. नोंदीत खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी लिहितात, चोच मोजत नाहीत.

जिवंत आमिष

शिकण्याच्या दृष्टीने बनावट आमिषापेक्षा जिवंत कुप्यावरची मासेमारी कितीतरी सरस, कारण इथे निर्णय तुमच्या हातात असतो. सकाळी आधी एक-दोन किलोचे छोटे कुपे हलक्या रॉडवर पकडतात. त्यातला एक लगेच सुईदोऱ्याने गळाला बांधायचा. सुई डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या भागातून, बुबुळाला धक्का न लावता, आरपार काढायची आणि दोऱ्याच्या फासात गळ अडकवून दोन-तीन पीळ द्यायचे. गळ कुप्याच्या अंगात शिरत नाही, डोक्यावर मोकळा राहतो. हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात व्हायला हवं. कुपा पाण्याबाहेर जास्त वेळ राहिला तर मेलाच म्हणून समजा. काही बोटींवर पाणी खेळवणाऱ्या उभ्या नळ्या असतात, त्यांत डोकं खाली करून कुपे तासभर जिवंत राहतात.

वेग इथे फक्त दोन-तीन नॉट. रॉडच्या टोकाला कुप्याच्या शेपटीचे ठोके जाणवतात. ते अचानक भरभर झाले की मागे कोणीतरी आहे. लिव्हर मोकळी करा, अंगठा रिळावर हलका टेकवा आणि माशाला आमिष नेऊ द्या. पाच ते दहा आकडे मोजा. मग हिसका न देता लिव्हर सावकाश स्ट्राइकवर न्या आणि दोर ताणला जाईपर्यंत गुंडाळा. गळ गोल, म्हणजे सर्कल हुक असतो. त्याचं टोक आत वळलेलं असल्यामुळे तो घशातून सरकत बाहेर येतो आणि मासा वळला की जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो. कोकणातल्या सवयीने हिसका दिलात तर वळायच्या आतच तो तोंडातून निसटतो. कोपऱ्यात लागलेला गळ सुटत नाही आणि मासाही जगतो. जुन्या सरळ गळाने जिवंत आमिष दिलं तर तो बरेचदा पोटात जातो आणि सोडलेला मासाही पुढे मरतो. अमेरिकेत अटलांटिकवरच्या बिलफिशच्या, म्हणजे मार्लिनसारख्या लांब चोचीच्या माशांच्या, स्पर्धांत खऱ्या आमिषाला सर्कल हुक 2008 पासून सक्तीचे आहेत. तुमच्या बोटीवर नसतील तर मागून घ्या.

बाकी किरकोळ. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. उपाशी जाऊ नका, पण तेलकट खाऊनही नको. डिझेलच्या धुरापासून दूर, बोटीच्या मध्यावर बसा आणि क्षितिजाकडे पाहा. डब्यात केळी नकोत: आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ चालतो, मार्लिनच्या बोटींवर केळं अपशकुनी समजतात आणि यावर स्किपरशी वाद घालून काही साधत नाही.

दिवसभरात एकही झडप न पडणं हे नेहमीचं आहे. त्यामुळे एक पूर्ण दिवस घेण्यापेक्षा एक दिवस मध्ये सोडून दोन अर्धे दिवस घेतलेले बरे, त्याच बोटीवर आणि त्याच खलाशाबरोबर. पहिल्या दिवशी मार्लिनचं नाव काढू नका. 30 पौंडी रॉडवर कुपे आणि डोराडो (माही-माही मासे) ओढा, लिव्हर स्वतः हलवा, अंगठ्याने दोर पसरवायची सवय करा, एक कुपा स्वतः गळाला बांधून पाहा. डोराडो हवेत मार्लिनसारखाच नाचतो आणि सुटला तरी पुन्हा दुसरा मिळतो. त्यातला एक रात्रीच्या जेवणासाठी मागायला हरकत नाही, खाण्याजोगा मासा पाहुण्याला द्यायला स्किपर सहसा नाही म्हणत नाहीत.